बी.ए.चा वर्ग आणि जिमखान्याची किल्ली

महाराष्ट्रात मानव्यविद्या आणि शारीरिक शिक्षण यांची एकत्र तयारी मनापासून करून घेणारी व्यवस्था सध्या एकच आहे, आणि ती कुठल्या विद्यापीठाची नाही. ती आहे पोलीस भरती. मुलांना १६०० मीटर धावणं, १०० मीटर धावणं आणि गोळाफेक. मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर, बाकी तेच. मैदानाचे ५० गुण, लेखीचे १००. लेखीत अंकगणित, बुद्धिमत्ता चाचणी, सामान्य ज्ञान आणि मराठी व्याकरण. सोलापूर जिल्ह्यात माळशिरस, मोहोळ, मंगळवेढा, कुठल्याही तालुक्याच्या गावी पहाटे रस्त्यावर या, ट्रॅकसूट घातलेली पोरं-पोरी डांबरीच्या कडेने पळताना दिसतील. त्यांतली बरीचशी बी.ए.ला असतात. सकाळी गोळा, दुपारी समास, रात्री चालू घडामोडी.

या पोरांना नावं ठेवायचं काही कारण नाही. घरची शेती कोरडवाहू, नोकरीची जाहिरात कधीतरी निघणार आणि वयाची अट डोक्यावर. अशा वेळी माणूस पळणारच. प्रश्न आहे तो जोडणीचा. गोळाफेक आणि समास इथे भेटतात ते फक्त गुणांच्या बेरजेत. सामान्य ज्ञानात विचारलं जातं, पॉली उम्रीगर यांचा जन्म कुठे झाला? चार पर्यायांत सोलापूर असतं आणि तेच बरोबर असतं. भारताचं कसोटीतलं पहिलं द्विशतक ठोकणारा हा पारशी फलंदाज १९२६ साली गिरण्यांच्या गावात का जन्माला आला, त्या काळी इथे क्रिकेट कोण खेळत होतं आणि कोणाला मैदानाच्या बाहेरून बघावं लागत होतं, हे विचारायला उत्तरपत्रिकेत जागा नाही. उत्तर पाठ होतं, प्रश्न मरतो.

गंमत अशी की नव्या शैक्षणिक धोरणाने विद्यापीठांत जी जोडणी आणली, तिचा घाट बराचसा भरतीसारखाच आहे. २०२० च्या धोरणाचा मजकूर वाचायला सुंदर आहे. बाणभट्टाच्या ‘कादंबरी’तल्या ६४ कलांचा दाखला त्यात आहे, कला आणि विज्ञान, अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर उपक्रम यांच्यातल्या भिंती पाडा, असा स्पष्ट आग्रह आहे. महाराष्ट्रात २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांतही हा आराखडा आला. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्य, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली आणि या रांगेच्या शेवटी सह-अभ्यासक्रम. त्यात क्रीडा, योग, आरोग्य, एनसीसी, एनएसएस आणि सांस्कृतिक कार्यक्रम यांतलं एक काहीतरी घ्यायचं आणि क्रेडिट मिळवायचं. भिंत पडली खरी, पण तिच्या विटा वापरून खोल्या केल्या. बऱ्याच ठिकाणी योग निवडला जातो, कारण योगाला मैदान लागत नाही, सतरंजी पुरते. सूर्यनमस्काराच्या बारा स्थितींची चित्रं वहीत चिकटवली की प्रकल्प झाला. ज्या मुलीने वर्षभरात एकदाही घाम गाळला नाही तिलाही पूर्ण क्रेडिट, आणि जी विद्यापीठाच्या संघातून खेळून आली तिने त्या धावण्याबद्दल एक ओळही लिहिली नाही तरी तिलाही पूर्ण क्रेडिट.

राज्यातल्या विद्यापीठांचे तीन मोठे आंतरविद्यापीठीय महोत्सव पाहा. संशोधनाचा ‘आविष्कार’, कलांचा ‘इंद्रधनुष्य’, खेळांचा ‘अश्वमेध’. नावं झकास आहेत. तीन महोत्सव, तीन संघ, तीन बस. कबड्डीतल्या श्वासावर संशोधन करणाऱ्या पोराने आविष्कारच्या बसमध्ये बसायचं, कबड्डी खेळणाऱ्याने अश्वमेधच्या. खेळणाराच संशोधन करतोय अशी कल्पना व्यवस्थेने केलेलीच नाही.

हे दुखणं जुनं आहे. राधाकृष्णन आयोगाने १९४९ सालीच सांगितलं होतं की पदवीच्या विद्यार्थ्यांना दोन वर्षं शारीरिक शिक्षण सक्तीचं असावं. शारीरिकदृष्ट्या असमर्थ असलेले आणि एनसीसीतले तेवढे वगळा. चीनच्या युद्धानंतर १९६३ मध्ये एनसीसीच सक्तीची झाली, आणि १९६८ मध्ये पुन्हा ऐच्छिक. म्हणजे शरीराची आठवण आपल्याला सरहद्दीवर गोळी सुटली की येते आणि धुरळा बसला की जाते. आणि टिळकांची ती गोष्ट! कॉलेजचं पहिलं वर्ष त्यांनी तालमीत घालवलं, परीक्षा बुडाली, पण शरीर कमावलं. प्रत्येक स्नेहसंमेलनात कोणीतरी ती सांगतोच. तिच्यातलं गृहीतक मात्र कोणी तपासत नाही. शरीर कमवायचं तर अभ्यास वर्षभर बाजूला ठेवावा लागतो, हे त्या गोष्टीने पिढ्यान्‌पिढ्या आपल्या गळी उतरवलं आहे. आपला सर्वांत लाडका दाखलाच फारकतीचा आहे.

फारकत मोडणारी माणसं आपल्याकडे होऊन गेली. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद, बडोद्याच्या प्रो. माणिकरावांच्या आखाड्यात तयार झाले. ते संस्कृतचे जाणकार होते आणि अमळनेरला त्यांनी शिक्षक म्हणून काम केलं. १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं तेव्हा त्यांनी आसनं शिकवण्याबरोबर एक्स-रे आणि रक्तदाबाची यंत्रं आणली, आणि ‘योगमीमांसा’ नावाचं नियतकालिकही सुरू केलं. जुन्या ग्रंथात लिहिलंय म्हणून मानायचं नाही आणि डॉक्टर म्हणतो म्हणून सोडायचं नाही. ग्रंथ वाचायचा, शरीरावर करून पाहायचा, लिहून ठेवायचा. बडोद्यालाच दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी ‘व्यायामज्ञानकोश’ दहा खंडांत सिद्ध केला. कुस्तीचे डाव, मल्लखांब, लाठी, देशोदेशीचे खेळ, सगळं मराठीत. आज मराठीच्या एम.ए.ला कोशवाङ्मय शिकवताना ज्ञानकोशकार केतकर येतात, येणारच. हे दहा खंड कितीशा वर्गांत दाखवले जात असतील? शारीरिक शिक्षणवाल्यांना ते साहित्य वाटतं आणि साहित्यवाल्यांना शारीरिक शिक्षण.

आता सोलापूरकडे येतो. कारण या विषयावर सोलापूर विद्यापीठाला जे करता येईल ते पुण्या-मुंबईला सहजी जमणार नाही. हे विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ रोजी शिवाजी विद्यापीठातून वेगळं निघालं ते एका जिल्ह्यापुरतं. तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली, एका जिल्ह्याचं कसलं विद्यापीठ म्हणून. २०१९ मध्ये त्याला अहिल्यादेवींचं नाव मिळालं, पण जिल्हा तेवढाच राहिला. मला ही मर्यादा फार मोलाची वाटते. एका जिल्ह्याचं विद्यापीठ आपला जिल्हा पूर्ण वाचू शकतं. आणि या जिल्ह्यात शरीर आणि शब्द यांची जोड शोधायला फार लांब जावं लागत नाही.

वेळापूरच घ्या. माळशिरस तालुक्यातलं गाव, अर्धनारीनटेश्वराच्या जुन्या मंदिराचं. या गावात धावण्याचे तीन प्रकार आहेत. पहिला खो-खोचा. वेळापूरच्या मुला-मुलींनी हा खेळ जिल्ह्याबाहेर गाजवला आहे. दुसरा आषाढातला. ज्ञानोबांची पालखी गावाजवळ आली की उतारावर वारकरी ‘धावा’ करतात. इथून तुकोबांना पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी श्रद्धा. म्हणून टाळ सावरत, पदर खोचत, साठी उलटलेल्या बायकाही तो उतार पळतात. तिसरा प्रकार भरतीवाल्यांचा, घड्याळ लावून. एकाच गावात एक शरीर नियमांसाठी पळतं, एक कवितेसाठी आणि एक नोकरीसाठी.

बी.ए.च्या मुलांना इथे तीन दिवस आणून ठेवलं तर त्यांना काय काय शिकता येईल? धाव्यात पळताना छाती कशी भरून येते हे मोजता येईल, नाडीवर बोट ठेवून. त्यानंतर तुकोबांचे खेळांचे अभंग वाचता येतील. फुगडी, टिपरी, हमामा, हुंबरी, विटूदांडू. गाथेत खेळांची अख्खी जत्रा आहे. वर्गात ते ‘रूपक’ म्हणून शिकवले जातात, फुगडी म्हणजे द्वैताचा निरास वगैरे. फुगडी कधी घातलीच नसेल तर त्या रूपकाचा अर्धा भाग हातून सुटतो. दोन माणसं एकमेकांचे हात घट्ट धरून मागे झुकतात, आणि एकाने हात सोडला तर दोघंही आपटतात, हे तळहाताला कळल्यावर अभंग वेगळा लागतो. इरावती कर्व्यांनी वारीवर लिहिलं ते चालून लिहिलं. दि. बा. मोकाशींनी ‘पालखी’ लिहिली ती चालून. ही दोन्ही नावं अभ्यासक्रमात लावायची आणि परीक्षेला मात्र गाइड वाचून उत्तर लिहायचं, हा आपला शिरस्ता आहे.

दुसरं उदाहरण खुद्द सोलापूर शहरातलं, आणि ते अधिक अडचणीचं आहे म्हणून मला अधिक आवडतं. बाराव्या शतकातले सिद्धरामेश्वर म्हणजे आजचे ग्रामदैवत सिद्धेश्वर. ते कन्नड वचनकार, आणि त्याचबरोबर तळं खोदणारे. सोन्नलगीत, म्हणजे आपल्या सोलापुरात, त्यांनी अनुयायांना घेऊन तळं खोदलं, मंदिरं उभी केली. शरणांच्या परंपरेत काम हीच पूजा. पण ‘शून्यसंपादने’ या कन्नड ग्रंथात एक प्रसंग आहे. अल्लमप्रभू सोन्नलगीला येतात आणि माती उपसणारा म्हणून सिद्धरामांना डिवचतात. तळी खोदून कुणाला ज्ञान मिळालंय? सिद्धराम चिडतात, वाद होतो, आणि अखेर ते अल्लमांबरोबर कर्नाटकातल्या कल्याणला जातात. शरीराचे कष्ट माणसाला शहाणं करतात की नुसतं थकवतात, हा वाद आपल्या तळ्याकाठी साडेआठशे वर्षांपूर्वीचा म्हणून सांगितला जातो. तत्त्वज्ञानाच्या कुठल्या तासाला तो मांडला जातो? प्लेटोने शरीराबद्दल काय म्हटलं ते आपण शिकवतो. शिकवावंही. त्याची अकादमी आणि ॲरिस्टॉटलचं लायसियम या दोन्ही जागा मुळात अथेन्समधल्या व्यायामशाळाच होत्या. पण सोलापूरच्या मुलाला तळ्यावर बसवून अल्लमांची बाजू घ्यायला लावा आणि मुलीला सिद्धरामांची. तिथे तत्त्वज्ञान पायाखालच्या मातीतून सुरू होईल.

आणि मग संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेतले नंदीध्वज. सिद्धरामांच्या योगदंडाचं लग्न कुंभाराच्या लेकीशी लागलं, या कथेची खूण म्हणून सात नंदीध्वज निघतात, ६८ लिंगांना प्रदक्षिणा होते, संमती कट्ट्यावर संमतीचं वाचन होतं आणि अक्षता पडतात. बाराबंदी घातलेला मानकरी दोन मजली घराहून उंच काठी कमरेवर तोलून गर्दीतून चालतो. त्याच्या मानेची शीर, गुडघ्यांचा किंचित वाक, काठीचा शेंडा कलला की पावलाने भरून काढलेला तोल, हे सगळं पाहण्यासारखं असतं. यात्रेआधी कितीतरी रात्री सराव चालतो. हे कौशल्य कोणत्याही शारीरिक शिक्षणाच्या पुस्तकात नाही आणि संमतीचं वाचन मराठीच्या पाठ्यपुस्तकात सहसा सापडत नाही. गावाने मात्र ही दोन्ही एकाच मिरवणुकीत ठेवली आहेत. मान कोणत्या घराण्याचा, बायकांनी ही काठी का उचलायची नाही, हे प्रश्नही त्याच मिरवणुकीत चालताना पडतात. समाजशास्त्राला आणखी काय हवं?

मात्र इथे थांबलो तर हा सगळा मामला उत्सवी होईल. सोलापूरचं शरीर नुसतं नाचणारं-धावणारं नाही. शहराच्या पूर्व भागात विडी वळणाऱ्या बायकांची मजुरी हजार विड्यांवर ठरते. मांडीवर सूप, मान खाली, बोटं चालू, तंबाखूची धूळ नाकात. यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्याचे कान आणि पाय काय भोगतात ते त्याच्या घरात माहीत आहे. या घरांतली मुलगी बी.ए.ला आली आणि तिला पहिल्या तासाला सांगितलं की आरोग्यासाठी रोज अर्धा तास व्यायाम करावा, तर ती मनात काय म्हणेल? तिच्या आईच्या शरीराला व्यायामाची गरज आहे की विश्रांतीची, हा प्रश्न शारीरिक शिक्षणाने टाळला आहे. अथेन्सच्या त्या मैदानांवर व्यायाम करायला वेळ मिळत होता, कारण घरी राबायला गुलाम होते. कष्ट आणि व्यायाम यांच्यातला फरक हा मुळात रिकाम्या वेळाचा फरक आहे, आणि रिकामा वेळ कोणाकडे असतो हे अर्थशास्त्र सांगतं. आईच्या पाठीचं दुखणं, मजुरीचा दर, पाठ मोकळी करणाऱ्या चार हालचाली आणि सोलापूरच्या कामगार चळवळीचा इतिहास हा एकाच प्रकरणातला मजकूर आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांना हे उमजलं होतं. ‘कमवा आणि शिका’त कुदळ हातात देताना त्यांनी कष्टाला व्यायामाचं गोंडस नाव दिलं नाही आणि शिक्षा म्हणूनही ते दिले नाहीत.

ही झाली मानव्यविद्येची उणीव. तिच्या वर्गात शरीर येतच नाही. जिमखान्याची उणीव उलटी. तिथे शरीर आहे, घाम आहे, शिट्टी आहे, पण विचारायची सवय नाही. खो-खोकडे नीट पाहा. आठ जण एका रांगेत, एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेले. नववा पाठलाग करतो. त्याने एकदा दिशा धरली की वळायचं नाही, मधली पट्टी ओलांडायची नाही. पळणारा मात्र रांगेतून हवा तसा नागमोडी जातो. म्हणजे खेळ उघडउघड विषम आहे. टोकाच्या खांबाला वळसा घालायचा नसेल तर पाठलाग करणाऱ्याला त्याच्या बंधनातून सुटायचा एकच मार्ग, तो म्हणजे बसलेल्याच्या पाठीवर हात ठेवून खो द्यायचा आणि स्वतः त्याच्या जागी बसायचं. पळणारा हाताशी आलाय, अजून दोन पावलं टाकली तर आपणच बाद करू, हा मोह जो आवरतो तोच चांगला खेळाडू. आणि ही सगळी विषमता आपण मान्य करतो, कारण पाळी संपली की बाजू बदलते. जॉन रॉल्सने १९७१ मध्ये न्यायाचा जो सिद्धांत मांडला, त्यात आपली जागा कोणती असेल हे माहीत नसताना आपण कोणते नियम कबूल करू असा प्रश्न आहे. खो-खो खेळलेल्या मुलीला हा प्रश्न पोटातून कळतो, कारण तिला दोन्ही जागा माहीत आहेत. मग ती रॉल्सशी भांडूही शकेल. समाजात बाजू कुठे बदलते, असं ती विचारेल. राज्यशास्त्राच्या तासाला एवढं झालं तरी पुष्कळ.

जिमखान्याच्या भिंतीवर फोटो असतात, करंडक असतात. त्या फोटोंच्या मागचा इतिहास मुलांना सांगितला जात नाही. पालवणकर बाळू पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टी राखायचा, साहेबांना गोलंदाजी करायचा, पण त्याच्या हाती बॅट सहसा पडत नसे. हिंदूंच्या संघाला तो जिंकून द्यायला हवा होता, पण चहा त्याला वेगळ्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले. कप्तानपद त्याला मिळालं नाही. ते १९२३ मध्ये त्याच्या भावाला, विठ्ठलला मिळालं. १९३७ च्या निवडणुकीत हाच बाळू काँग्रेसतर्फे डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभा राहिला आणि हरला. एका डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाच्या आयुष्यात जात, साम्राज्य, राष्ट्रवाद आणि दलित राजकारण एवढं सगळं मावतं. किंवा खाशाबा जाधव. १९५२ मध्ये हेलसिंकीच्या ऑलिंपिकला जाण्यासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, ही गोष्ट आपण गुरूच्या औदार्याची म्हणून सांगतो आणि डोळे पुसतो. नव्या प्रजासत्ताकाच्या तिजोरीत कुस्तीगिराच्या प्रवासाला जागा का नव्हती, हे विचारत नाही. डोळे पुसायला मनाई नाही, पण विचारायला तर हवं.

या जोडणीवर आक्षेप आहेत आणि त्यांतला एक मला गंभीर वाटतो. शरीर आणि विचार एकत्र आणण्याचं काम हुकूमशहांनी फार हौसेने केलं आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली; आपल्याला त्याचा अभिमान आहे, तो असावाही. पण टाळ्या वाजवणारी ती राजवट शरीराबद्दल काय बोलत होती आणि पुढे तिने कोणाच्या शरीरांचं काय केलं, हे सांगितल्याशिवाय तो अभिमान पुरा होत नाही. एका तालात हात उचलणारी हजार मुलं दिसायला देखणी असतात. म्हणूनच शरीर शिकवणाऱ्याच्या शेजारी शंका घ्यायला शिकवणारा हवा. मानव्यविद्या जिमखान्यात न्यायची ती शोभेसाठी नाही, पहाऱ्यासाठी.

बाकीचे आक्षेप व्यवहारातले आहेत. मार्चपासून सोलापुरात उन्हाचा तडाखा असा की दहानंतर मैदानावर मुलं उभी करणं हाच गुन्हा. मुली मैदानावर येत नाहीत असं म्हणतात. मैदानाला आडोसा नाही, पाणी नाही, स्वच्छतागृहाला कुलूप, आणि गावची एस.टी. साडेबाराची. याला मुलींची अनिच्छा म्हणायचं की कॉलेजची? माळशिरस तालुक्यातल्या मिरे गावची किरण नवगिरे भाला आणि गोळा फेकता फेकता भारताच्या क्रिकेट संघात पोचली, ती मैदानं बरी होती म्हणून नक्कीच नाही. शिवाय अशी भीती आहेच की जोडणी करायला गेलो तर खेळाचा पेपर होईल. मैदानाची लांबी-रुंदी सांगा, दोन गुण. ती भीती खरी आहे. म्हणून या तासाला लेखी परीक्षा नको. ज्याने जे शरीराने केलं त्याची नोंदवही, त्यावर तोंडी झडती, आणि ती झडती दोन शिक्षकांनी मिळून घ्यावी.

खरी अडचण त्या दोन शिक्षकांपाशी येते. महाविद्यालयातल्या शारीरिक शिक्षण संचालकांची वेतनश्रेणी प्राध्यापकाच्या बरोबरीची, पण वेळापत्रकात त्यांच्या नावाचा तास नाही. ते संघ घेऊन बाहेरगावी, नाहीतर झेंडावंदनाला शिट्टी घेऊन पुढे. इतिहासाच्या प्राध्यापकाला त्यांच्या खोलीत काय आहे हे माहीत नसतं. जिमखान्याची किल्ली शिपायाकडे असते. दुसरीकडे इतिहासाची जागा रिक्त, आणि तासिका तत्त्वावरचा शिक्षक प्रत्येक तासाच्या हिशोबावर जगतो. त्याने बिनहिशोबी मैदानावर का यावं? कायद्यातली विभागणीही मजेशीर आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ नुसार विद्याशाखा चार. मानव्यविद्या स्वतंत्र, आणि शारीरिक शिक्षण आंतरविद्याशाखीय अभ्यासात. ‘आंतर’ नावाच्या शाखेत बसवूनही ते इतर कोणाशी जोडलं गेलेलं नाही.

सोलापूर विद्यापीठाने फार मोठं काही करू नये. एकच सत्र, एकच ओपन इलेक्टिव्ह, सुरुवातीला मूठभर महाविद्यालयांत. जूनला कॉलेज सुरू होतं, आषाढी जून-जुलैमध्ये येते. पहिले आठवडे वारीचे, धाव्याचे, गाथेचे. पावसाळ्यात मैदान ओलं तेव्हा विडी, यंत्रमाग आणि घरोघरच्या शरीरांच्या मुलाखती. पाऊस ओसरला की खो-खो, बाळू, खाशाबा. संक्रांतीला नंदीध्वजाचा सराव बघायला सत्र संपल्यावरही मुलं आपणहून येतील. लागणारा खर्च म्हणजे एस.टी.चं भाडं आणि नोंदवह्या. अडेल ते मानव्यविद्येच्या आणि शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासमंडळांना एका टेबलाशी बसवताना, कारण तिथे पहिला प्रश्न रॉल्सचा किंवा तुकोबांचा निघणार नाही. एका तासाला दोन शिक्षक उभे राहिले तर कार्यभार कोणाच्या नावावर धरायचा, सहसंचालक कार्यालय तो मान्य करेल का, तासिकावाल्याला त्याचे पैसे मिळतील का, आणि सकाळी सातला मैदानावर आलेल्या इतिहासाच्या मास्तरांनी मस्टरवर सही कुठे करायची, हे आधी लेखी ठरवून घ्यावं लागेल.